आनंदीबाईंचे ताट

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या बॅगा भरण्याचा कार्यक्रम ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या घरांना आता नवा राहिलेला नाही. कागदपत्रे आणि उबदार कपडे यांच्या जोडीला गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणचे आणि एखादा छोटा कुकर अशी यादी तयार होते. तिकडे गेल्यावर पोर काय खाणार, ही काळजी जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांना अधिक असते. दोन-तीन महिन्यांत तीच मुले दूरध्वनीवर नव्या पदार्थांची नावे सांगू लागतात, आणि घरच्यांची काळजी हळूहळू ओसरते.

याच कल्याणात वाढलेली एक अठरा वर्षांची मुलगी १८८३ साली अमेरिकेला शिकायला गेली, तेव्हा तिच्यापुढे अशी कोणतीही वहिवाट नव्हती. आनंदीबाई जोशी हे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी घरोघर वाचली गेली, आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. त्यांची जिद्द, गोपाळरावांचा हट्ट आणि अकाली मृत्यू यांची कथा त्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. मात्र परक्या देशातील त्या तीन वर्षांत रोज दोन वेळा त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहत होता, त्याची चर्चा फारशी होत नाही. तो प्रश्न ताटाचा होता.

कल्याणचे स्वयंपाकघर

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. त्यांचे घराणे कल्याणचे. एके काळी जमीनजुमला बाळगून असलेले, पण पुढे उतरती कळा लागलेले. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवायचे, हे त्यांनी आधीच ठरविले होते.

त्या काळच्या ब्राह्मण घरातील मुलीचे विद्यापीठ म्हणजे स्वयंपाकघर. भात, आमटी, भाजी, ताक असा साधाच रोजचा बेत. पण त्याभोवती नियमांचे कुंपण मोठे. सोवळे कोणते, ओवळे कोणते, पाणी कोणाच्या हातचे चालते, कोणाच्या पंक्तीला बसायचे आणि कोणाच्या नाही, हे सारे मुलीला अक्षरओळखीच्या कितीतरी आधी शिकविले जाई. कोणता पदार्थ आवडतो हा प्रश्न गौण होता. कोणता पदार्थ चालतो हा मुख्य. चव ही व्यक्तीची नव्हती, कुळाची होती.

गोपाळरावांना हे स्वयंपाकघर शिक्षणाच्या आड येणारे वाटे. अभ्यास सोडून आनंदीबाई चुलीपाशी रमलेल्या दिसल्या, तेव्हा त्यांनी त्यांना मारहाण केली, ही घटना चरित्रकारांनी नोंदविली आहे. स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या. स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी ही एकच असावी, असे आळीतल्या लोकांना वाटले असल्यास नवल नाही. सुधारणेचा आग्रहसुद्धा हुकमाच्याच मार्गाने येत होता, हे या प्रसंगातून लपत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनात घर करून बसली. पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका धजत नाहीत आणि स्त्री डॉक्टर तर नाहीतच, या वास्तवातून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय पुढे आकाराला आला. येथून पुढची वाट ही केवळ गोपाळरावांच्या हट्टाची राहिली नाही. ती त्यांची स्वतःची झाली.

निघण्यापूर्वी दिलेला शब्द

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे दांपत्य अलिबागहून पुढे कोलकात्यापर्यंत पोहोचले. १८८० मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे थांबलेली असताना तो अंक चाळला, आणि कधीही न पाहिलेल्या मराठी मुलीला पत्र धाडले. दोघींचा पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाईंना एक अमेरिकन मावशी लाभली.

अमेरिकेला जाण्याचा बेत जाहीर होताच टीकेचे मोहोळ उठले. समुद्रगमन निषिद्ध मानले जात होते. परदेशी गेलेला माणूस म्लेंच्छांच्या हातचे खाणार, त्यांच्या भांड्यातले पिणार, म्हणून तो बाटला, असा सरळ हिशेब होता. त्यातून एकटी विवाहित स्त्री ख्रिस्ती कुटुंबात राहायला जाणार म्हटल्यावर ती धर्म बदलूनच परत येणार, हे लोकांनी गृहीतच धरले.

या टीकेला आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण करून उत्तर दिले. देशात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे, हे त्यांनी मांडले. आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, आचार आणि पोशाख बदलणार नाही, असे सर्वांसमक्ष सांगितले.

हा शब्द त्यांच्या पुढील आयुष्यावर पहाऱ्यासारखा उभा राहिला. धर्म मनात असतो, तो कोणाला दिसत नाही. ताट मात्र दिसते. शिकलेली बाई बाटते, असे म्हणणाऱ्यांना पुरावा हवा होता, आणि मांसाचा एक तुकडा हा पुरावा म्हणून पुरेसा ठरला असता. त्या एका घासाची किंमत आनंदीबाईंनी एकट्यानेच मोजली नसती. त्यांच्यामागून शिकू पाहणाऱ्या साऱ्या मुलींना ती मोजावी लागली असती. त्यांच्या निग्रहाकडे केवळ सोवळेपणा म्हणून पाहणे त्यामुळेच अन्यायाचे ठरते.

वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाला हातभार लावण्यात आला. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कोलकात्याहून जहाजावर पाऊल ठेवले.

दोन महिने समुद्रावर

न्यूयॉर्क यायला ४ जून उजाडला. सुमारे दोन महिन्यांच्या या प्रवासात घरचे माणूस सोबत नव्हते. ओळखीच्या मिशनरी बायकांची तेवढी सोबत होती. त्या काळच्या आगबोटींवरील जेवण मांसाभोवती रचलेले असे. शाकाहारी प्रवाशाच्या वाट्याला उकडलेले बटाटे, पाव, भात आणि मिळाली तर फळे, एवढेच उरे.

यातील पावाची गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या माणसाला वेगळी सांगायला नको. पोर्तुगीज अमदानीत विहिरीत पाव टाकून आख्खे गाव बाटविल्याच्या कथा वसईच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी पाव हा नुसता खाद्यपदार्थ नव्हता, ती सीमारेषा होती, हे त्यातून कळते. बटाट्याची गोष्ट याच्या नेमकी उलट. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मिरची, शेंगदाणा आणि रताळेही अमेरिका खंडातूनच आलेले. युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हे सारे आपल्याकडे पोहोचले आणि इतके मुरले, की बटाटा, रताळे आणि शेंगदाणे थेट उपवासाच्या फराळात जाऊन बसले. ज्या खंडाचे अन्न खाऊन आनंदीबाई बाटतील अशी भीती लोक घालत होते, त्याच खंडाचे अन्न टीकाकारांच्या घरी एकादशीला शिजत होते.

रोझेलचा उन्हाळा

रोझेलला कार्पेंटर कुटुंबाने आनंदीबाईंना घरच्या मुलीसारखे सामावून घेतले. हा काळ त्यांच्या परदेशवासातील सर्वांत सुखाचा. येथे चवींची देवाणघेवाण झाली, पण ती दोन्ही बाजूंनी. आनंदीबाईंनी या मंडळींना मराठी पद्धतीचे जेवण रांधून घातले. खुर्ची-टेबलाची सवय असलेल्या माणसांनी जमिनीवर मांडी घालून, काटेचमचे बाजूला सारून हाताने जेवून पाहिले. बायकांनी साड्या नेसून पाहिल्या. प्रौढ वयात अनोळखी चव घेऊन पाहण्याचा प्रसंग प्रथम आला तो यजमानांवर, पाहुणीवर नव्हे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कार्पेंटर मावशींना त्यासाठी कोणाला जाब द्यायचा नव्हता. जेवण आवडले तर आनंद, नाही आवडले तर हसण्यावारी नेण्याजोगा एक अनुभव. आनंदीबाईंना ही मोकळीक नव्हती.

तरीही त्यांनी सारेच जसेच्या तसे धरून ठेवले असे नाही. नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडच्या थंडीत ते झेपत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सुटली नाही. नेसण्याची तऱ्हा बदलली. कोठे वाकायचे आणि कोठे नाही, हे त्या स्वतःच्या विचाराने ठरवीत होत्या. शाकाहाराच्या बाबतीत मात्र त्या वाकल्या नाहीत.

फिलाडेल्फियाची खोली

१८८३ च्या शरद ऋतूत त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत प्रवेश घेतला. अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची व्यवस्था केली होती. पण रोझेलचे ऊबदार घर मागे राहिले आणि खरी परीक्षा येथे सुरू झाली. राहायला मिळालेल्या खोलीतील शेगडीचे धुराडे नीट चालत नव्हते. शेगडी पेटवावी तर खोलीत धूर कोंडे, न पेटवावी तर हाडे गोठविणारी थंडी. धूर की थंडी, यातून रोज निवड करायची.

आणि स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा. ज्या चुलीपासून दूर राहावे म्हणून कल्याणात मार खाल्ला होता, तीच चूल व्याख्याने आणि शवविच्छेदनाचे वर्ग सांभाळून सातासमुद्रापलीकडे पुन्हा त्यांच्या वाट्याला आली. बाजारात कढीलिंब नाही, कोथिंबीर नाही, ओळखीची डाळ नाही. त्या काळच्या अमेरिकेत शाकाहारी माणसाला खाण्याजोगे काहीच नव्हते असे नाही. दूध, लोणी, पाव, मका, घेवड्याच्या बिया, सफरचंदे, ओटची लापशी हे सारे होते. परंतु मिठाखेरीज दुसरी चव नसलेले उकडलेले अन्न रोज गिळणे, आणि तेही दमून आल्यावर एकटीने, याला भूकही साथ देत नाही. नवी चव अंगवळणी पडायला वेळ लागतो, ऊब लागते, सोबत लागते. रोझेलला हे सारे होते. फिलाडेल्फियाच्या त्या खोलीत नव्हते. पहिल्याच वर्षी त्यांना घटसर्पाने गाठले. त्यातून त्या उठल्या, पण प्रकृती पुन्हा पूर्ववत झाली नाही.

तीन बायका, तीन वेष

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले या महाविद्यालयातील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली शेजारी शेजारी बसल्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. तिघी अमेरिकन वैद्यक शिकत होत्या आणि तिघींपुढे अमेरिकन ताट होते. त्या ताटाशी प्रत्येकीने कसे जमवून घेतले हे छायाचित्र सांगत नाही. पण परके शिक्षण घ्यायला परके व्हावे लागत नाही, हे त्यातून आजही स्पष्ट वाचता येते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाई वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहत होत्या. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु शाकाहार सोडला नाही. पुडिंगमधील अंड्यांवरूनही तेथील भगिनींशी त्यांचा खटका उडाला. धर्म बदलला तरी जीभ बदललीच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. आनंदीबाईंनी धर्म राखण्यासाठी ताट राखले. रमाबाईंनी धर्म सोडूनही ते राखले. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, आईला दिलेले वचन घेऊन लंडनला गेलेले गांधीजीही असेच अर्धपोटी राहिले. पुढे शाकाहारी उपाहारगृह सापडले, मसाल्याविना उकडलेला पालक गोड लागू लागला, आणि चवीचे खरे स्थान जिभेवर नसून मनात आहे, असा निष्कर्ष त्यांनी आत्मचरित्रात काढला. गांधीजींना लंडनमध्ये शाकाहाऱ्यांचे मंडळ मिळाले. आनंदीबाईंना ती सोबतही लाभली नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी प्रदान झाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या, गोपाळरावही आदल्या वर्षी अमेरिकेत दाखल झाले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती.

औषध म्हणून अन्न

मात्र तोपर्यंत क्षयाने त्यांना घेरले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधून काढला होता, पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत डॉक्टरांच्या हाती उपाय होते ते विश्रांती, मोकळी हवा आणि भरपूर पौष्टिक अन्न. त्या काळी क्षयरोग्याला दूध, अंडी, मांसाचा रस आणि कॉडलिव्हर तेल देण्याचा प्रघात होता. अन्न हेच औषध मानले जात होते, आणि नेमके त्यातलेच बरेचसे आनंदीबाईंच्या पानात चालणारे नव्हते.

मांसाहार केला असता तर त्या वाचल्या असत्या, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मांसाहार करणारे लक्षावधी अमेरिकन आणि युरोपीय त्या काळी याच रोगाने दगावत होते. थंडी, अतिश्रम, अपुरे जेवण आणि आधीची आजारपणे यांनी मिळून एक तरुण शरीर पोखरले, एवढे मात्र म्हणता येते. दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि त्यासाठी सोसलेले हाल कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले गेले नाहीत.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईला उतरल्या. ज्या समाजाने जाताना विरोध केला होता, त्यातील अनेकांनी परतल्यावर कौतुक केले. ताट न बदलता परत आलेल्या बाईवर बोट ठेवायला जागा नव्हती. पण कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता. त्यांच्या अस्थी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवण्यात आल्या. ज्या मावशीने मांडी घालून मराठी जेवण चाखून पाहिले होते, तिच्याच आप्तांच्या सोबतीत कल्याणच्या या मुलीला कायमची जागा मिळाली.

एक पेला चहा

या कथेला एक उपकथानक आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले होते. पुढे मिशनऱ्यांकडे चहा घेणाऱ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात झळकली आणि पुण्यात एकच गदारोळ माजला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आयोग बसला, प्रायश्चित्ते झाली. हा सारा घाट घालणारे गृहस्थ होते आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी.

गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त होता, आणि खोड काढण्याची हौस त्यात असणारच. परंतु त्यांनी निवडलेले हत्यार सूचक होते. सुधारणेच्या गोष्टी बोलणारी मोठमोठी माणसेसुद्धा एका पेल्याने कशी अडचणीत येतात, हे त्यांनी चव्हाट्यावर मांडले. त्यांची पत्नी अशा ताटापेल्याचे ओझे घेऊन तीन वर्षे एकटी परदेशात राहिली होती. पुण्यातल्या पुण्यात एक पेला चहा ज्यांना पेलला नाही, त्यांच्याशी तिची तुलना मनातल्या मनात तरी झाली नसेल असे नाही.

आज कल्याण किंवा डोंबिवली स्थानकावर सकाळची गाडी पकडताना कोणी चहाचा पेला हातात घेतो, कोणी वडापाव खातो. त्यातला बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातली, पाव पोर्तुगिजांचा. चहाची चटक लावली ती इंग्रजांनी. यातील एकही घास एके काळी आपला नव्हता, आणि आज यापेक्षा अधिक आपले काही वाटत नाही. चवी अशाच रुजतात. आधी संशयाने, मग सवयीने, शेवटी अभिमानाने. पण त्यासाठी माणसाला चाखून पाहण्याची, नावडले तर नाकारण्याची आणि आवडले तर कोणालाही जाब न देता पुन्हा मागून घेण्याची मुभा असावी लागते.

परदेशी निघालेल्या आजच्या मुलांच्या बॅगेत भाजणी आणि मसाला असतोच. त्याबरोबर ही मुभाही असते. ती कोणत्याही यादीत लिहिलेली नसते आणि तिचे वजनही होत नाही. आनंदीबाईंना ती मिळाली नव्हती. त्यांच्यासारख्यांनी आपले ताट सांभाळून दाखविले, म्हणूनच मागून येणाऱ्यांच्या ताटात डोकावून पाहण्याचा समाजाचा उत्साह हळूहळू कमी होत गेला.